लसणाचा ढेकर

आईच्या बोटांना संधिवात झाला आणि घरी येणारा प्रत्येक जण वैद्य झाला. आम्ही जैन, कांदा, लसूण, आलं आमच्या घरात येत नाही. लोकांना पुळका नेमका लसणाचा. लसूण म्हणजे निसर्गाचं अँटिबायोटिक, जुन्या माणसांचे सांधे त्यानंच शाबूत राहिले, हे मी वाशीमच्या बसस्टँडपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत ऐकलं. अहो, आमच्या भाजीवालीच्या घरी रोज लसणाचा ठेचा होतो आणि तिचे गुडघे आईच्या आधी गेले! डॉक्टरांनी बजावलं होतं, हा जंतूंचा आजार नाही, गोळ्या तेवढ्या चुकवू नका. पण फुकटच्या सल्ल्यापुढे डॉक्टरांचं कोण ऐकतो?

माझा मोठा भाऊही त्याच शहाण्यांतला निघाला. त्यानं डॉक्टरांच्या गोळ्यांच्या डबीत लसणाच्या तेलाच्या कॅप्सूल मिसळल्या आणि ताकदीच्या आहेत म्हणून आईला द्यायला सुरुवात केली.

तिसऱ्या आठवड्यात जेवण झाल्यावर आईला ढेकर आला. जन्मात तिनं लसूण तोंडात घातला नव्हता, पण शेजारच्या फोडणीचा वास ती ओळखत होती. तिनं गोळ्यांची डबी उघडून हुंगली. मग भावाला म्हणाली, "मले इचारलं असतं त मी नाई म्हटलं असतं. म्हनून नाई इचारलं ना तुनं?"

तुझ्या भल्यासाठीच केलं, असं तो पुटपुटला. कसलं भलं? सत्तर वर्षांचं व्रत त्यानं एका डबीत बुडवलं. आईनं तीन उपवास केले आणि अख्खी डबी उकिरड्यावर टाकली, डॉक्टरांच्या गोळ्यांसकट. कोणती गोळी कशाची, हे आता तिला कुणाकडूनच ऐकायचं नव्हतं.

तेव्हापासून ती औषध घेत नाही. बोटं इतकी वाकलीत की जपमाळेचा मणी पुढे सरकत नाही. मी भावावर तोंड सोडलं, काय वाटेल ते बोलले. तो एवढंच म्हणाला, "तुले बी त मालूम होतं."

खरं होतं. पहिल्याच दिवशी त्यानं मला फोनवर सांगितलं होतं, आणि बघ बाबा तुझं तू, म्हणून मी फोन ठेवला होता.

काल आईला चहा नेऊन दिला. दोन्ही वाकड्या हातांनी कप उचलून तिनं आधी त्याचा वास घेतला.