वाजणाऱ्या लाकडाची काठी

मिरजेच्या आमच्या गल्लीत तंबोरे करणारी घरं होती आणि त्या घरांतली माणसं बोलायला मोठी रसाळ. एकजण कामाला बसला की चौघे त्याच्याभोवती गप्पांना बसायचे. जैनुद्दीन मात्र लहानपणापासून घुमा. काही विचारावं तर मान हलवायचा, आणि ती होकाराची की नकाराची हे ज्याचं त्यानं ओळखायचं. मला त्याचा भयंकर राग यायचा. मी त्याचा शेजारी, त्याच्याच वर्गातला आणि हायस्कूलच्या हॉकी संघात त्याच्या मागं उभा राहणारा. मी बॅक होतो. बॅक होतो म्हणजे मागं उभा होतो, एवढंच. माझ्या खेळाला कुणी कधी चांगलं म्हटलं नाही, आणि वाईट म्हणण्याइतकंही कुणाचं तिकडं लक्ष नव्हतं.

जैनुद्दीन डाव्या कडेला खेळायचा आणि त्याच्या शेजारी आतल्या बाजूला जोतीराम. जोतीराम रहिमतपूरकडचा. घरचा ऊस, आणि आजोबांपासून सगळे पलटणीत. शिकायला म्हणून मिरजेत आत्याकडं, भामाबाईंकडं राहिला होता. तोंडाचा नुसता पट्टा. खेळताना प्रत्येकाच्या नावानं शंख करायचा, माझ्या तर जास्तच. पण जैनुद्दीनला त्यानं मैदानात कधी हाक मारलेली मला आठवत नाही. मान न वळवता तो चेंडू डावीकडं सरकवायचा आणि तिथं जैनुद्दीन असायचाच. एकदा मी जैनुद्दीनला विचारलं, तुला कळतं कसं? तर म्हणाला, "त्याच्या काठीचा आवाज आला की कळतं, चेंडू कुठवर येणार." तंबोरेवाल्याच्या पोराला मी आणखी काय विचारणार?

खेळ संपला की दोघं रेल्वेच्या मैदानाच्या कठड्यावर बसायचे. तिथं म्हणे जैनुद्दीन बोलायचा. काय बोलायचा देव जाणे, कारण मी जवळ गेलो की गप्प. मला त्या जोडीचा हेवा वाटायचा, हे उघडच सांगतो.

त्रेचाळीस साली आम्ही मॅट्रिकला होतो. लढाई चालू होती. त्या वर्षी साताऱ्याला शाळांचे सामने झाले. आम्ही शेवटचा सामना हरलो, पण ही जोडी दोघांच्या नजरेत भरली. एक बेळगावच्या पलटणीतला हवालदार. तो तिथल्या पोरांच्या कंपनीसाठी संघ बांधत होता. त्यानं जोतीरामची छाती पाहिली, आजोबांचं नाव ऐकलं आणि तिथंच त्याच्या पाठीवर थाप मारली. दुसरे मिरज जंक्शनच्या शेडमधले एक फोरमन. रेल्वेच्या धाकट्या संघासाठी त्यांना मुलं हवी होती. जो संघात येईल त्याला शेडमध्ये काम मिळणार होतं. ते म्हणाले, "जोडी चांगली आहे. पण शाळेतल्या पोरांपुढं सगळेच चांगले दिसतात. मिरजेत आमच्या मोठ्यांशी एक सामना खेळा, मग बघू."

आता जैनुद्दीनला मिरज सोडणं शक्यच नव्हतं. आई लहानपणीच गेलेली. वडील बादशहाचाचा तंबोऱ्याचे नामी कारागीर, पण डोळ्यांत पडदे आलेले. माणूस समोर आला तर सावली दिसायची, तोंड दिसायचं नाही. बारीक काम जैनुद्दीनच्याच हातचं. म्हणजे त्याला खेळायचं तर रेल्वेकडूनच खेळायचं होतं. रेल्वेनं नाही म्हटलं की खेळ संपला.

परतताना गाडीत जोतीरामनं आपलं ठरवून टाकलं.

"गड्या, तुला रेल्वेनं घेतलं तर मी बी रेल्वे. तुला न्हाई घेतलं तर मी बेळगावला जातो. तुझ्याबिगर हितं कुणासंगं खेळू? मग घरच्यांचा शब्द तरी राखतो."

"आन रेल्वेत गेलास तर तुझ्या आज्याला काय सांगशील?" जैनुद्दीननं विचारलं.

"सांगीन काय तरी. शिव्या मला खायच्या हायत, तुला न्हाई."

जैनुद्दीन खिडकीबाहेर बघत राहिला. कराड गेलं, किर्लोस्करवाडी गेली, आणि हा पठ्ठ्या एकटाच हसत होता. त्याला इतका वेळ हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही.

एक अडचण होती. जैनुद्दीनची काठी शाळेची. तिला चीर गेलेली आणि वरून सुतळी गुंडाळलेली. नवी काठी बाजारात मिळत नव्हती, कारण चांगल्या काठ्या सियालकोटहून यायच्या आणि लढाईमुळं माल बंद होता. हे बादशहाचाचांच्या कानावर गेलं. चाचांनी हॉकीला कधी खेळ म्हटलंच नव्हतं. त्यांच्या लेखी ती काठ्यांची मारामारी. मुलगा मैदानावरून आला की "झाली का मारामारी?" एवढंच विचारायचे. पण या वेळी ते काही बोलले नाहीत. मुलगा शाळेत गेला की जुनी काठी मांडीवर घेऊन बोटांनी मापं घ्यायचे.

माळ्यावर तून नावाच्या लाकडाची एक फळी होती. एका बड्या गवयाच्या तंबोऱ्यासाठी वर्षानुवर्षं राखून ठेवलेली. चाचांची लाकूड निवडायची रीत ठरलेली होती. फळी कानाशी धरायची, बोटाच्या पेरानं वाजवायची आणि डोळे मिटून ऐकायचं. वाजलं ते लाकूड चांगलं, मुकं राहिलं ते चुलीत. आयुष्यभर याच कसोटीवर त्यांनी नाव कमावलं होतं. मी त्यांना सहज विचारलं होतं, चाचा, हे लाकूड चेंडूचा मार सोसेल का? तर माझ्यावरच उखडले.

"आरं, तंबोऱ्याच्या तारांचा ताण हे लाकूड दोन-दोन पिढ्या सोसतंय. तुमच्या त्या चेंडवाचं काय घिऊन बसलास?"

मला तरी काय कळत होतं? सियालकोटवाले तुतीचं लाकूड वाफेवर वाकवतात आणि म्हणून लाकडाच्या शिराही काठीबरोबर वळतात, हे मला फार उशिरा समजलं. चाचांनी सरळ फळीतूनच बाक कोरून काढला. शिरा बरोबर मानेपाशी, म्हणजे बाक सुरू होतो तिथंच, कापल्या गेल्या. वरून मात्र त्यांनी लाखेचं असं पॉलिश चढवलं होतं की काठीत तोंड दिसावं. मुठीखाली हाडाची नाजूक पट्टी बसवली होती. एवढी देखणी हॉकीची काठी साऱ्या मुलखात नसेल.

सामन्याच्या दिवशी त्यांनी ती मुलाच्या हातात दिली. मी दारातच उभा होतो. जैनुद्दीननं ती हातात तोलली, मग सवयीनं पेरानं वाजवली. काठी गोड वाजली, पण मार सोसणारी काठी अशी वाजत नाही हे त्याला ठाऊक असावं. त्याचा चेहरा उतरलेला मी पाहिला. चाचांना तो दिसणार नव्हता.

"कशी हाय?" चाचांनी विचारलं.

"लय चांगली हाय, अब्बा."

वाटेत जोतीरामनं काठी घेऊन हवेत फिरवली आणि कपाळाला हात लावला. "ही काठी हाय का बासरी? माझी घे तू. मी ती सुतळीवाली घेतो." जैनुद्दीननं मान हलवली, आणि त्या दिवशी तरी ती होकाराची होती. अब्बांची काठी कठड्याला टेकवून ठेवायची आणि घरी जाऊन छान चालली म्हणून सांगायचं, असं ठरलं.

संघ मैदानात उतरत होते, तेवढ्यात माझं लक्ष फाटकाकडं गेलं. धुतलेला सदरा, ठेवणीतली टोपी, गल्लीतल्या कुणाच्या तरी खांद्यावर हात, असे बादशहाचाचा येत होते. ते मैदानावर पहिल्यांदाच येत होते. डाव्या बाजूच्या रेघेशी येऊन उभे राहिले, बरोबर जैनुद्दीन खेळायचा तिथं.

जैनुद्दीन परत फिरला आणि त्यानं कठड्याला टेकवलेली अब्बांची काठी उचलली.

"आरं येडा का खुळा तू?" जोतीराम दबक्या आवाजात म्हणाला. "त्यांना कुठं काय दिसतंय?"

"दिसत न्हाई," जैनुद्दीन म्हणाला, "पर ऐकू येतंय."

जोतीरामनं त्याचा दंड धरला. "हे बग, आज तुला घेतलं न्हाई तर मी बेळगावला जाणार. ठरलंय आपलं."

"म्हाईत हाय मला," जैनुद्दीन म्हणाला आणि आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.

मग तो जे खेळला, ते मी मागून पाहिलं. एकही फटका मारला नाही. चेंडू काठीवर झेलायचा, अलगद पुढं ढकलायचा, वळवायचा, जोतीरामकडं द्यायचा. रेल्वेचे दांडगे गडी त्याच्या अंगावर यायचे आणि हा चेंडू घेऊन बाजूनं निसटायचा. चेंडू लागला की ती काठी टणत्कार करायची, इतर काठ्यांत वेगळी ओळखू यायची. रेघेवर चाचा कान देऊन उभे. शेजाऱ्याला सांगत होते, "त्यो बग, माझ्या पोराकडं आला चेंडू. आता दिला. आता परत आला." आंधळ्या माणसाला सगळा सामना दिसत होता. मी त्यांच्याकडंच बघत राहिलो आणि एक सोपा चेंडू सोडला. जोतीरामनं मला शिवी हासडली.

उत्तरार्धात जोतीरामनं उजवीकडून तिघांना ओढून घेतलं आणि न बघता डावीकडं पास टाकला. जोरात टाकला, कारण टाकायलाच हवा होता. जैनुद्दीन गोलापुढं एकटा. गोलकीपर दुसऱ्या टोकाला. आता ढकलून भागणार नव्हतं, मारायलाच हवं होतं. जैनुद्दीननं काठी उचलली आणि मारली.

काठी मानेपाशी तुटली. चेंडू गोगलगायीसारखा गोलकीपरच्या पायाशी गेला. मैदानावर कुणीतरी हसलं.

चाचा हाका मारू लागले, "काय झालं? जैनू, काय झालं?" आवाज त्यांनी ऐकला होता, पण कशाचा ते कळत नव्हतं. जैनुद्दीन मुठीचा तुकडा हातात घेऊन रेघेपाशी गेला.

"फटका चुकला, अब्बा. काठी चेंडवावर न्हाई, भुईवर बसली. मोडली."

चाचांनी हात पुढं करून मुलाचा खांदा शोधला. मग म्हणाले, "भुईवर मारल्यावर कुठलं लाकूड टिकंल?" त्यांच्या आवाजात सुटका होती, आणि तीच मला सोसवली नाही.

फोरमन माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "हात छान आहे पोराचा. पण कडेच्या गड्याला फटका हवा. नुसता चेंडू कुरवाळून चालत नाही." जोतीरामला त्यांनी घेतलं. जोतीरामनं तिथल्या तिथं नाही म्हणून सांगितलं आणि आठवड्याच्या आत तो बेळगावच्या गाडीत बसला. स्टेशनवर तो बडबड करत होता आणि जैनुद्दीन मान हलवत होता. गाडी गेल्यावर तो फलाटावरच उभा राहिला. मी चल म्हटलं, तर हलेना. शेवटी मी एकटाच घरी आलो.

त्यानंतर जैनुद्दीन कधी मैदानावर गेला नाही. मी सांगलीला एका पेढीवर लागलो. सुट्टीला आलो की त्याच्या दुकानात डोकवायचो. दाराकडं पाठ करून बसलेला असायचा. त्याला दुसरा मित्र झाला नाही, आणि मी तसा प्रयत्न केला तरी माझी त्या जागी बसण्याची लायकी नव्हती. त्याच्या डोक्यावर भिंतीला ती काठी टांगलेली होती. चाचांनी ती सरसानं सांधून, सांध्यावर हाडाची दुसरी पट्टी बसवून ठेवली होती. "परत खेळायला जाशील तवा हाताशी असूं दे," असं ते म्हणायचे. जैनुद्दीन रोज तिच्याखाली बसून तारा जुळवायचा.

लढाई संपली. सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात पलटणीचा संघ रेल्वेशी खेळायला मिरजेला आला, आणि त्यात जोतीराम होता. मी मुद्दाम सांगलीहून आलो. जैनुद्दीनला म्हटलं, चल. तर म्हणाला, काम हाय. मला त्याचा पुन्हा राग आला. मी एकटाच गेलो.

जोतीराम अंगानं भरला होता, सुंदर खेळत होता. पण एकदा, गोल अगदी समोर असताना, त्यानं मान न वळवता चेंडू डावीकडं टाकला. तिथं कुणीच नव्हतं. त्याचा डावीकडचा गडी अजून मागंच धावत होता. चेंडू एकटाच गडगडत रेघेबाहेर गेला.

सामना संपल्यावर जोतीराम माझ्याबरोबर दुकानात आला. बिल्ल्याचा कोट, चकाकते बूट. बसायला पाट दिला, चहा झाला. जैनुद्दीननं पुन्हा तार जुळवायला घेतली. शेवटी चाचाच बोलले.

"जोतीराम, तुज्या दोस्ताचा फटका त्या दिशी भुईवर बसला नसता, तर आज त्यो बी तुज्यासंगं असता. मी लाकूड असं दिलं हुतं, जन्मात मोडलं नसतं."

जोतीरामनं भिंतीवरच्या काठीकडं पाहिलं. "आवं चाचा, ती काठी—"

जैनुद्दीननं हातातली तार सोडली आणि त्याच्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. जोतीरामनं खाली मान घातली आणि म्हणाला, "ती काठी लय चांगली हुती, चाचा."

गाडीची वेळ झाली तसा तो उठला. दारात जैनुद्दीननं त्याला विचारलं, "कसा झाला खेळ?"

"एक चेंडू वाया घालवला," जोतीराम म्हणाला. "डावीकडं टाकला. अजून हात तिकडंच जातो रं."

जैनुद्दीननं मान हलवली. जोतीराम गेला. तो वळणाआड होईपर्यंत जैनुद्दीन उंबऱ्यात उभा होता, मग आत येऊन आपल्या जागेवर बसला. चाचांनी चाचपडत कोपऱ्यातली एक नवी फळी ओढली आणि त्याच्यापुढं धरली.

"तुज्या काठीच्याच जोडीची हाय," ते म्हणाले. "वाजवून बग."

त्यानं फळी कानाशी घेतली, पेरानं वाजवली आणि डोळे मिटले.

"चांगली हाय, अब्बा," तो म्हणाला. "फटका माझाच चुकला."