दहात किती

संध्याकाळी साडेसहाला मधली सुट्टी झाली की बिरादार सर स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसायचे, जेवणाच्या डब्याला मोबाइल टेकवायचे आणि इंग्लंडमधल्या घोड्यांच्या शर्यती लावायचे. लातूरमधल्या एका क्लासची ती स्टाफरूम. खाली नीटच्या पोरांचा गलका, रस्त्यावर ऑटोंची बोंबाबोंब, आणि हा गृहस्थ सातासमुद्रापलीकडची घोडी न्याहाळतोय. ते फिजिक्स शिकवायचे, मी केमिस्ट्री. पहिल्यांदा ते दृश्य बघितलं तेव्हा मी मनात म्हटलं, झालं, आणखी एक मास्तर जुगारात बुडाला.

पण सरांनी कधी रुपयाही लावला नाही. का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "पैसा लावला की घोडा दिसत न्हाई बाई, पैसाच दिसतो." एका उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठूनसं त्यांना या शर्यतींचं वेड लागलं आणि क्लास सुरू झाल्यावरही ते गेलं नाही. त्यातही त्यांना मोठ्या, नावाजलेल्या शर्यती नको असत. ज्यांना दुसरीकडे कुणी उभं करत नाही अशा घोड्यांच्या, अगदी तळाच्या वर्गातल्या शर्यती ते बघायचे. वर्गात पहिला येणारा पोरगा कोण हे शिपाईसुद्धा सांगतो, शेवटच्या बाकावरच्यांतलं कोण पुढं येईल ते सांगा, असं त्यांचं म्हणणं. या शर्यती वाळूवर होतात. वाळूत मेण आणि धागे कालवून केलेली ती जमीन पावसात, थंडीत सारखीच राहते. सरांना तिचं फार कौतुक. "हितं चिखलाचं निमित्त सांगायची सोय न्हाई," म्हणायचे.

कोण जिंकणार, हे मात्र त्यांनी कधीच सांगितलं नाही. ते दहातले भाग सांगायचे. हा दहात दोन, ती दहात एक, तो कोपऱ्यातला अर्धा. घोडा मैदानात फिरताना त्याचे कान कसे आहेत, घाम कुठे फुटलाय, मागची शर्यत होऊन किती दिवस झाले, पुढच्याच्या टापांची वाळू तोंडावर उडाली की तो मान वर करतो का, असं सगळं बघून ते भाग पाडत. सगळ्यांचे मिळून दहाच भरले पाहिजेत, ही त्यांची अट. आमचे गणिताचे सर मुद्दाम चिडवायला म्हणायचे, त्या काळ्याला आणखी एक द्या की. त्यावर बिरादार सर गंभीरपणे विचारायचे, कुणाचा कापू? चेष्टेतसुद्धा त्यांनी दहाचे अकरा केले नाहीत.

हे बाळकडू घरचं. सर उदगीरकडच्या शेतकरी घरातले. त्यांचे वडील एकदा माळेगावच्या जत्रेत घोडी घ्यायला गेले, विकणाऱ्याच्या गोड बोलण्याला भुलले आणि लंगडी घोडी घेऊन आले. गावभर हसं झालं. त्यानंतर वडील पोरांना सांगत, विकणाऱ्याचं तोंड बघू नका, जनावराचे पाय बघा. सर ही गोष्ट सांगताना स्वतःही हसायचे, पण ती त्यांनी चांगलीच मनावर घेतली होती.

आता लातूरमध्ये क्लासवाल्यांनी असं वागून कसं चालेल? ॲडमिशनच्या दिवसांत काउंटरवर आईबापांची रीघ लागते आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच, सर, चान्स किती? आमचं उत्तरही ठरलेलं. मेहनत घेतली तर होईल. ते म्हणायचा एक आवाजही ठरलेला आहे, थोडा खालच्या पट्टीतला, लेकराच्या डोक्यावर हात ठेवून काढायचा. आम्ही सगळे त्यात तरबेज होतो. बिरादार सरांना एका वर्षी काउंटरवर बसवलं आणि दोन दिवसांत संचालकांनी त्यांना हात जोडून उठवलं.

त्याच सुमाराला माझा औशाचा भाऊ त्याच्या ऋतुजाला घेऊन आला. पोरीचे दोन प्रयत्न वाया गेले होते. तिसरा करावा की नाही यावरून घरात रोज धुसफुस. भावाने सरांना गाठलं आणि तोच प्रश्न टाकला. सर म्हणाले, तुम्ही खाली जाऊन चहा घेऊन या, पळणार पोरगी हाय, तिलाच सांगतो. भाऊ तणतणत गेला. मी तिथेच होते. सरांनी तिचे दोन्ही वर्षांचे पेपर बघितले, ती कुठे घाबरते, कुठे घाई करते ते विचारलं आणि म्हणाले, "दहात दोन." पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सर तसेच पुढे म्हणाले, "म्हंजे तुझ्यासारख्या धा पोरी बसल्या तर आठ घरी जातात. आठात गेलीस तर काय करणार, ते आधी ठरव. मंग बिनघोर पळ."

भाऊ महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही. शुभ बोल नाऱ्या म्हणतात ते उगाच नाही, असं वहिनीकडून कळवलं. ऋतुजाने मात्र ठरवलं, आठात गेले तर फार्मसी, आणि अभ्यासाला लागली. त्या वर्षी मला नीट झोप लागायला लागली, असं ती नंतर म्हणाली. तिचा नंबर लागला, नांदेडच्या मेडिकलला. भाऊ पेढे घेऊन आला तो सर चुकले हे ऐकवायलाच. सरांनी पेढा घेतला, म्हणाले, दोन म्हंजे शून्य न्हवं, आणि मोबाइल डब्याला टेकवला. मला त्या दिवशी त्यांचा थोडा रागच आला होता. निदान हसायला काय जात होतं?

पुढे चार-पाच वर्षांनी सरांचं पोट दुखायला लागलं. आधी ॲसिडिटी म्हणून गोळ्या झाल्या, मग माणूस बघता बघता वाळला. नांदेडच्या एका दवाखान्यात दाखवलं तर स्वादुपिंडात गाठ निघाली, ती पसरलेली. डॉक्टर म्हणाले, मोठं ऑपरेशन करून बघू. सरांच्या पत्नी, सुनंदावहिनी, ऑपरेशनच्या बाजूने. मुलगा सुधीर पुण्याहून आला, तोही. गाठ आहे, काढायची आहे, एवढंच सरांना सांगायचं आणि बाकी काही बोलायचं नाही, असं वहिनींनी प्रत्येकाकडून कबूल करून घेतलं. आपल्याकडे असंच करतात. पेशंटचा धीर सुटू नये म्हणून त्याच्याच दुखण्याची गोष्ट त्याला सोडून सगळ्या गावाला ठाऊक असते.

आम्ही स्टाफमधले तिघे गाडी करून नांदेडला गेलो. सर उशीला टेकून बसले होते. त्यांनी सरळ विचारलं, किती चान्स हाय, डॉक्टर तुम्हाला काही बोलले का? गणिताचे सर म्हणाले, मन खंबीर ठेवलं तर होईल. बायॉलॉजीचे सर म्हणाले, होईल. मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि मीही तेच म्हटलं. सर आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत राहिले.

"बाई," ते म्हणाले, "हा तर आपला काउंटरवरला आवाज."

वीस वर्षं ज्याच्या देखत आम्ही तो आवाज काढला, त्याच्यापुढेच तो काढून बसलो. सर रागावले नाहीत. त्यांनी विषय बदलला आणि आम्ही निघताना तेवढं म्हणाले, ऋतुजाला पाठवून द्या.

ऋतुजा तेव्हा नांदेडलाच इंटर्नशिप करत होती. रिपोर्ट तिने बघितले होते, तिच्या वॉर्डातल्या मोठ्या डॉक्टर मॅडमनाही दाखवले होते. सरांनी बोलावलंय हे कळताच वहिनींनी तिला व्हरांड्यात गाठलं आणि बजावलं, सांगितलंस तर माझ्या घराची पायरी चढू नकोस. पोरगी रडवेली झाली. तिने मला फोन केला. मी म्हटलं, थांब जरा, मोठ्या माणसांचं मोठी माणसं बघतील. ती म्हणाली, "आत्या, मला त्यांनी सांगितलं होतं ना."

ती आत गेली आणि तिने सांगितलं. ऑपरेशन करून वर्ष निघेल असं दहात एकही धड नाही. न करता काही महिने, पण घरी, आणि दुखणं आवाक्यात ठेवता येईल. सरांनी तिला घोड्याबद्दल विचारावेत तसे दोन-तीन प्रश्न विचारले. हा आकडा मॅडमचा का तुझा? ती म्हणाली, दोघींचा. सरांनी मान डोलावली, जेवलीस का म्हणून विचारलं आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशन नको अशी सही करून ते उदगीरला गेले. सुनंदावहिनींनी ऋतुजाशी बोलणं टाकलं.

त्या हिवाळ्यात मी दोनदा एसटीने उदगीरला गेले. सरांची बाज उन्हात टाकलेली असायची. संध्याकाळी आत घेतलं की मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवायचा. इंग्लंडमधल्या त्या शर्यतींत एक पांढरी घोडी होती, वय झालेली, दोन वर्षांत जिंकलेली नव्हती. त्या शर्यतींत जिंकणाऱ्याच्या पाठीवर वजन वाढवतात आणि हरणाऱ्याचं उतरवतात. हरता हरता पांढरीचं वजन बरंच उतरलं होतं. एरवी तिला अर्धा देणारे सर माझ्या दुसऱ्या खेपेला म्हणाले, दहात तीन. मला वाटलं, आता माणूस हळवा झाला. मी बाकीच्यांचे भाग विचारले. त्यांनी सगळे सांगितले, मी मनात बेरीज केली, दहाच भरले. पांढरी चौथी आली. सर दम लागेपर्यंत हसले, म्हणाले, तिनात न्हाई, सातात आली. आतून वहिनींचा आवाज आला, आली का हो पांढरी?

शिवरात्रीच्या आधी सर गेले. शेवटच्या आठवड्यापर्यंत मऊ भात खात होते, माणसं ओळखत होते. मला त्यांची आठवण येते, क्लासमध्ये तर फारच येते. आम्ही अजून काउंटरवर तेच म्हणतो. मी मात्र आता लेकराच्या डोक्यावर हात ठेवत नाही, जमतच नाही. तेराव्याला ऋतुजा माझ्याबरोबर उदगीरला आली होती. वहिनींनी तिला चहा दिला, बोलल्या नाहीत.

यंदा दिवाळीनंतर वहिनींच्या हृदयाची झडप खराब निघाली. एका रविवारी ऋतुजा माझ्याकडे जेवायला आली होती, तिच्या मोबाइलवर वहिनींचा फोन आला. दोन वर्षांत पहिल्यांदा. ऋतुजाने घाबरून स्पीकर लावला. कशी आहेस वगैरे काही नाही, वहिनी सरळ मुद्द्यावर आल्या. "डॉक्टर म्हणायलेत, होईल सगळं. सुधीरबी तेच म्हणतो. कागद पाठवलेत तुला. बघ आन् सांग, दहात किती."

ऋतुजाने कागद उघडले. खाली-वर करून बघितले. आणि मग आताशा डॉक्टर झालेल्या त्या माझ्या भाचीने, इतर डॉक्टर विचारतात तसंच विचारलं, "काकू, सुधीरदादाला फोन देता का जरा?"

"त्याला कशाला?" वहिनी म्हणाल्या. "पळणार मी हाय."