दसूकीकाकांचे नाक

नाईलच्या फाट्याकाठच्या आमच्या गावात दसूकीकाका फिसीख करत, म्हणजे खारवून मुरवलेला बोई मासा. शम्म अल-नसीम हा आमचा वसंताचा सण मशिदी आणि चर्चच्याही आधीचा, फॅरोंच्या काळापासूनचा. त्या दिवशी फिसीख, कांद्याची पात आणि रंगवलेली अंडी घेऊन सगळे गाव पाण्याकाठी जाते. पण बिघडलेला फिसीख माणूस मारतो. म्हणून पिंप उघडले की लोक काकांच्या नाकाकडे पाहत. कल्ल्याशी हुंगून त्यांनी मान हलवली की मासा विकायचा, नाहीतर फेकायचा.

एका हिवाळ्यात काकांना मोठा ताप येऊन गेला. सणाच्या सकाळी दुकानापुढे गर्दी होती. वर्षभराची सुस्ती जावी म्हणून काकांच्या बायको बहियाकाकू रिवाजाप्रमाणे फोडलेला कांदा एकेकाच्या नाकाशी धरत होत्या.

"आता आमचे म्हातारबुवा! मिटा डोळे."

काकांनी मिटले. काकूंनी आम्हाला डोळा मारला आणि दुसऱ्या हातातले उकडलेले अंडे पुढे केले.

"वा! झणझणीत आहे गं कांदा!"

"काका, अंडं आहे ते, कोंबडीला तरी विचारा!" रमदान कसाई ओरडला. सगळे हसले. काकू मात्र हसल्या नाहीत. दंडाला धरून त्यांनी काकांना आत नेले. मी दाराशीच होतो.

"कधीपासून?"

"तापापासून."

"आणि हे मासे कसे निवडलेत?"

"बोटानं दाबून. बहिया, वर्षाची कमाई आहे ही."

"बाहेर लेकुरवाळी माणसं उभी आहेत."

मग काका बाहेर आले.

"आज फिसीख नाही. जा घरी."

"सणाच्या दिवशी? भाव वाढवतोय म्हातारा!" कोणीतरी म्हणाले. काकांनी खुलासा केला नाही. दार ओढून घेतले.

गाव पाण्याकाठी गेले. मी मागे राहिलो आणि अंगणात खड्डा खणू लागलो. पिंपे त्यात रिकामी होताना काकांनी एक मासा उचलला, नाकाशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

"यातले बरेचसे चांगलेच असतील," ते म्हणाले.

"असतील," काकू म्हणाल्या. त्यांनी मासा काकांच्या हातातून हळूच काढून घेतला, खड्ड्यात टाकला आणि वर माती लोटली.