दाजींच्या गाडीखालचा थेंब

गळणाऱ्या वस्तूच्या मागं लागावं तर आमच्या दाजींनीच. तसा दुसरा माणूस पंचगंगेच्या या तीराला नाही आणि त्या तीराला तर नाहीच नाही. दाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे मालक. एका लग्नात अक्षता पडायच्या वेळी सगळी माणसं नवरानवरीकडं बघत होती आणि हे कार्यालयाच्या मागं, हात धुवायच्या नळापाशी उकिडवे बसलेले. "आक्का, वायसर गेलाय बगा ह्येचा," असं त्यांनी मला इतक्या आनंदानं सांगितलं, जणू मुलगी त्यांनीच दाखवली होती. मुठीतल्या अक्षता तशाच राहिल्या होत्या, त्या मग त्यांनी नळावर टाकल्या. घरचा माठ पाझरतो म्हणून एकदा त्याला बाहेरून ऑइलपेंट दिला. पाझर थांबला आणि पाणी गार व्हायचंही थांबलं. बहीण म्हणायची, "आक्के, ह्यांच्यापुढं डोळ्यात पाणी आणायची चोरी हाय. कुठनं येतंय म्हणून शोधाय लागतील."

ती गेली आणि वर्षाच्या आत दाजींची मोटरसायकल गळायला लागली. घर पेठ वडगावला, मुलगा लांब नोकरीला, घरात हे एकटेच. तसे ते सणासुदीला यायचे, दारातल्या दारात चहा घ्यायचे आणि निघायचे. बायकोच्या माघारी बायकोच्या बहिणीकडं उगाच जाऊन बसायचं त्यांना अवघड वाटत असावं. पण एका रविवारी सकाळी गाडी घेऊन आले ते थेट आमच्या अंगणात. "आक्का, आमच्या दारात मुरूम. थेंब पडला की पिऊन टाकतोय. तुमची फरशी पांढरी हाय, हितं चोर लपणार न्हाय." झालं, तेव्हापासून दर रविवारी नऊच्या ठोक्याला चोर पकडायचं काम आमच्या अंगणात सुरू.

त्याचा थाट काय सांगू! गाडीखाली वर्तमानपत्र पसरायचं, थेंब पडला की त्याच्याभोवती पेन्सिलीनं गोल काढायचा आणि बाजूला वेळ लिहायची. ते कागद घडी घालून पिशवीत, मागच्या रविवारच्या थेंबाशी ताडून बघायला. माझ्या पावडरचा डबा इंजिनावर उपडा व्हायचा, कारण पावडर भिजेल तिथं उगम. गाडी बिचारी नटून लग्नाला निघाल्यासारखी दिसायची. थेंब बोटावर घेऊन चोळायचा, हुंगायचा, आणि एकदा तर जिभेला लावलेला मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितला. आमचे हे बाजूला खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचे, म्हणजे गाडीखाली गेला नाही तेवढा पेपर. मधूनच विचारायचे, "काय साडू, घावला का?" दाजी गाडीखालूनच, "जवळ आलोय. पुढच्या रविवारी सोडत न्हाय." गॅस्केट बदललं, सील बदललं, खालच्या नटाचं वायसर तीनदा बदललं. थेंब आपला पडतोच. मग एक वाजता दोघं हात धुऊन जेवायला बसायचे. दाजींची दुसरी खोड अशी, की दुसऱ्याच्या घरी जेवतानाही वाढायचं यांनीच. नको म्हटलेलं त्यांना ऐकूच यायचं नाही. आमच्या ह्यांच्या वाटीत तांबडा रस्सा ओतायला लागले की तो ताटात उतरेपर्यंत हात मागं घ्यायचे नाहीत.

आमच्या गल्लीच्या तोंडाला लतीफ मिस्त्रींचं गॅरेज आहे. एकदा दाजी गेल्यावर ते मला म्हणाले, "काकी, त्या गाडीला काय बी झालेलं न्हाय. दाजी गाडी साइड स्टँडवर तिरकी लावून आइल मोजायची काडी बघत्यात. तिरक्या गाडीत तेल कमी दिसतंय. मग वरनं घालत्यात. जास्तीचं झालं की ते हवेच्या नळीतनं भायेर येतंय. थेंब दिसला की परत काडी, परत तेल." मी कपाळावर हात मारला. तेल गळतंय म्हणून घालायचं, आणि घालायचं म्हणून गळतंय! मी लगेच फोन लावायला निघाले तर ह्यांनी हात धरला. "ऱ्हाऊ दे की. येतोय तवर येऊ दे." मिस्त्रींनाही त्यांनी गप्प राहायला सांगितलं. मला तेव्हा ते पटलं. दोन वर्षं पटलं.

मग नातीला बघायला पाहुणे यायचे होते तो रविवार. दाजींना आधी सांगायचं राहून गेलं. मी फरशी घासून रांगोळी काढली आणि आत पोह्याला फोडणी घालेपर्यंत दाजी येऊन, गाडी लावून, कागद पसरून खाली आडवे. पाहुणे दारात आले तेव्हा दाजींचे फक्त पाय दिसत होते. मुलाच्या आईनं वाट काढायला पदर सावरला, काठ गाडीला लागला, आणि मोतिया रंगाच्या साडीवर काळा पट्टा उठला. माझा तोल गेला. सगळ्यांच्या देखत मी ओरडले, "दाजी, बास करा आता! गाडी गळत न्हाय तुमची, तुम्हीच जास्त तेल घालताय! काडी तिरकी बघताय! सगळ्या गल्लीला ठावं हाय!"

दाजी सावकाश बाहेर आले. फडक्यानं एकेक बोट पुसलं. मी चुकीचं काही बोलले नव्हते, म्हणून तर ते जास्त लागलं. ते माझ्याकडं न बघता ह्यांच्याकडं बघत म्हणाले, "सगळ्यास्नी ठावं हुतं व्हय?" आमचे हे पेपरात बघत राहिले.

लग्न त्याच घरी ठरलं, साडीचं तर त्या बाई विसरूनही गेल्या. दाजींनी गाडी सरळ उभी करून काडी बघितली, जास्तीचं तेल काढलं. बुधवारी त्यांचा फोन आला, "आक्का, थांबलं बगा. एक थेंब न्हाय. तुमचे उपकार झाले." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी माफी तरी मागितली असती. पुढच्या रविवारी आमचे हे नऊ वाजता खुर्ची टाकून बसले. एक वाजता उठले आणि जेवायचं नाही म्हणाले. दाजी नातीच्या लग्नाला आले, जेवले, पंगतीत वाढायला मात्र उठले नाहीत. रविवार रिकामेच राहिले.

गेल्या महिन्यात मीच फोन केला. "दाजी, रविवारी या की."

"का वो, काय काम हाय?"

"काम कसलं? सहजच."

मग म्हणाले, "बघू की. जमलं तर येतो." मी फोन ठेवला तसे हे म्हणाले, "कुकर गळतोय म्हणायचं हुतंस."

खरंच होतं ते. मी कुकर म्हणाले असते तर दाजी पान्यांची पिशवी घेऊन तासाभरात दारात उभे राहिले असते. इतक्या वर्षांत त्या माणसाला मी कधी नुसतं 'या' म्हटलं नव्हतं. आता म्हटलं, तर त्यांना ते बोलावणं ओळखता आलं नाही.