पाक हार्जोंची इस्त्री

ऑफिस एक, माणसं पंधरा, भाषा सात! मग किस्से साठणारच. दुबईत अल क्वोजला असलेल्या आमच्या प्लायवूड गोदामातले निम्मे किस्से एकट्या पाक हार्जोंचे. हे गृहस्थ इंडोनेशियात बारा वर्षं खासदार होते. संसदेच्या छपरावर आंदोलक विद्यार्थी चढले, सरकार गेलं, पुढच्या निवडणुकीत यांची खासदारकीही गेली आणि ते आमच्याकडे कागदपत्रं बघायला आले.

*

फोर्कलिफ्ट चालवणारा आमचा गुहागरचा दत्ताराम पहिल्याच दिवशी माझ्या कानाशी लागला. "भाऊ, ह्यांना 'पाक' का म्हणतात? पाकिस्तानी की काय?"

"अरे, त्यांच्याकडे पाक म्हणजे बाप. वडीलधाऱ्याला म्हणतात."

दुसऱ्या दिवसापासून दत्तारामने त्यांना सरळ 'बाबा' करून टाकलं!

*

मीटिंगमध्ये मॅनेजरने "एव्हरीबडी अ‍ॅग्रीड?" विचारलं की बाबा सगळ्यांच्या आधी ओरडायचे, "सतुजू!" म्हणजे मंजूर. संसदेतली सवय! एकदा शुक्रवारचा ओव्हरटाइमसुद्धा असाच मंजूर झाला.

"खासदारसाहेब, हमारा छुट्टी खलास!" दत्ताराम कळवळला.

*

एकदा चहा पिताना बाबा म्हणाले, "मेरा इस्त्री जकार्ता में है. बहुत याद आता है."

संध्याकाळी दत्ताराम अल मनखूलच्या बाजारात जाऊन नवी कोरी वाफेची इस्त्री घेऊन आला. "बाबा, पुराना भूल जाओ!"

त्यांच्या भाषेत इस्त्री म्हणजे बायको, हे आम्हाला तेव्हा कळलं. बाबा हसून हसून डोळे पुसायला लागले. मग पुसतच राहिले.

या बाई तिकडे शाळेत शिकवायच्या. मुलं संसदेच्या छपरावर चढली तेव्हा त्या बाहेर त्यांना पाणी वाटत होत्या आणि नवरा आत बसला होता. दुबईला यायचं म्हटल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "बारा वर्षं सगळ्याला हो म्हणालात. एकदा नाही म्हणून दाखवा, मग येते."

*

दत्तारामच्या मुलीचं लग्न ठरलं आणि नेमकं मॅनेजरने जाहीर केलं, "सीझन आहे, कोणालाच रजा नाही. अ‍ॅग्रीड?"

आम्ही सगळे बाबांकडे बघायला लागलो. बाबा उठले.

"नो, सर. दत्ताराम मस्ट गो."

"तुमचा व्हिसा माझ्या हातात आहे."

"येस, सर. स्टिल, नो."

मॅनेजरने रजेचं रजिस्टर पुढे ओढलं. मग म्हणाला, "दहा दिवस. यल्ला, कामाला लागा!"

दत्तारामने त्याच दुपारी बाबांच्या मोबाइलवरून जकार्ताला त्यांच्या बायकोला फोन लावला. पलीकडे हिंदीचा गंध नाही, पण हा आपला ओरडतोय, "भाभी, बाबाने नो बोला! नो! नो!"

*

दोन महिन्यांनी आम्ही तिघं एअरपोर्टवर उभे. दत्तारामच्या हातात लग्नाचे लाडू. बाबांनी त्याच इस्त्रीने स्वतः शर्ट कडक केलेला, तरी खिशावर एक सुरकुती राहिलीच होती.

बाई आल्या. बाबांनी त्यांची बॅग घेतली आणि आमच्यासमोर इंग्रजीतच म्हणाले, "एकच खोली आहे. चालेल?"

बाईंनी त्यांना नीट न्याहाळलं. खिशावरची सुरकुती हाताने सरळ केली आणि म्हणाल्या,

"सतुजू!"