कपाच्या तळाशी बसलेला डोस

खडकीत माझं औषधांचं दुकान आहे, त्याला वीस वर्षं झाली. काउंटरवर कोणी काहीही मागितलं, अगदी तापाची साधी गोळी, तरी मी आधी विचारते, ‘कोणासाठी?’ गिऱ्हाइकं वैतागतात. एका आजोबांनी मला ऐकवलं होतं की पोलीस चौकीतसुद्धा इतकी चौकशी होत नाही. मी म्हटलं, मग तिकडूनच घ्या औषध. पण दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडेच आले.

हा प्रश्न मी माझ्या सख्ख्या बहिणीला मात्र विचारला नाही.

ती माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. हडपसरला राहते, घरून काम करते. नवरा रोज कंपनीच्या बसने हिंजवडीला जातो, म्हणजे शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मुलगी पाच वर्षांची. एकदा दुकानात ऐन गर्दीच्या वेळी बहिणीचा फोन आला. ट्रिप्टोफॅनच्या कॅप्सूल मिळतात, त्याने मूड चांगला राहतो म्हणतात, घेतलं तर चालतं का? तिच्या डोक्यावर कामाचा डोंगर असतो, म्हणून मी गृहीत धरलं की तिलाच हवंय. दुसरं काही औषध चालू नाही ना, एवढं विचारलं. नाही म्हणाली. मग घेतात लोक, बाटलीवर लिहिलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नकोस, असं सांगून मी फोन ठेवला. समोर इन्सुलिनवाल्या बाई थांबल्या होत्या.

दोन आठवड्यांनी रविवारी सकाळी मी हडपसरला गेले, तर मेहुणे स्वयंपाकघरात ओट्याशी उभे. समोर स्टीलच्या ताटलीत उघडलेली कॅप्सूल, शेजारी ऑनलाइन मागवलेला चिमुकला वजनकाटा आणि चालू लॅपटॉप. मला बघून त्यांना आनंदच झाला. माणूस हुशार आहे आणि आपलं काम दाखवायला त्याला आवडतं. त्यांनी समजावून सांगितलं की त्यांचं वजन बहात्तर किलो, लेकीचं अठरा, म्हणून मोठ्या माणसाच्या डोसचा बरोब्बर पाव हिस्सा. दशांशचिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत हिशेब केला होता.

लेक सीनिअर केजीत गेल्यापासून शाळेत आणि संध्याकाळी घरीही चिडचिड करत होती, वस्तू फेकत होती. शाळेतून चिठ्ठी आली होती. पालकांच्या ग्रुपवर कोणीतरी हा उपाय सुचवला होता.

मी बाटली हातात घेऊन फिरवली. बारीक अक्षरांत लिहिलं होतं, फक्त प्रौढांसाठी.

“ताई, ते तर सगळेच लिहितात,” मेहुणे म्हणाले.

“आणि मी तुला विचारलं होतं,” बहीण म्हणाली. “तू चालतं म्हणालीस.”

मी चुकले, हे आधी कबूल केलं. मग सांगितलं, भागाकार बरोबर आहे, पण मुळात भागायचंच नव्हतं. पाच वर्षांच्या मुलाचं शरीर म्हणजे मोठ्या माणसाचा पाव तुकडा नसतो. या वयासाठी ठरलेला सुरक्षित डोसच नाही, तर त्याचा पाव कुठून काढणार? किती दिवस दिलंत, विचारलं. पाच. ताटलीतली पूड सहाव्या दिवसाची होती.

लेक गॅलरीत चादरीचा तंबू ठोकत होती. मी तिचे हात बघितले, थरथर नव्हती. नाडी मोजली. उलटी, जुलाब, पोटात दुखणं, झोपेत बदल, सगळं विचारलं. काही नव्हतं. तुझे हात थंड आहेत, सोड, असं तिने मला स्वच्छ सांगितलं. तरी तिच्या बालरोगतज्ज्ञांना फोन लावून स्पीकरवर टाकला. रविवार असूनही त्यांनी उचलला.

डॉक्टरांनी एकेक विचारलं. वजन किती, एका वेळी किती दिलं, दुसरं काही चालू आहे का, खोकल्याचं औषध तर नाही ना, कारण त्यातली काही याच्याबरोबर चालत नाहीत. नव्हतं. मग विचारलं, कशातून देता? सकाळच्या दुधातून. सगळं दूध पिते?

दोघं एकमेकांकडे बघायला लागली.

“अर्धं पिते,” बहीण म्हणाली.

“आणि उरलेलं?”

“मी पितो,” मेहुणे म्हणाले. “टाकणार कसं?”

त्यांच्या घरची रीतच आहे, लेकराच्या कपात उरलेलं वाया जाऊ द्यायचं नाही. मी ताटलीतली पूड कपभर दुधात घालून ढवळली आणि थांबले. दोन मिनिटांत सगळी तळाशी जाऊन बसली. म्हणजे दोन दशांशांपर्यंत मोजलेला डोस पाच दिवस बहुतेक बापाच्याच पोटात गेला होता.

“तरीच,” बहीण म्हणाली, “आठवडाभर आंघोळीला गाणी चालली होती.”

मेहुणे लाजले. फोनवर डॉक्टरही हसले. पण लगेच गंभीर होऊन म्हणाले, पोटात नक्की किती गेलं ते आपल्याला माहीत नाही. पूड आजपासून बंद. दिवसभर लक्ष ठेवा. उलट्या, थरथर, अस्वस्थपणा किंवा जास्त गुंगी वाटली तर मला फोन करत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. नाहीतर उद्या तिला आणि बाटलीला घेऊन या. तो दिवस लेकीने तंबूत मजेत काढला, आम्ही तिघांनी तंबूबाहेर बसून.

दुसऱ्या दिवशी मीही गेले. डॉक्टरांनी तपासून सगळं ठीक आहे म्हटलं, रक्ताची एक साधी तपासणी लिहून दिली आणि मग तिलाच विचारलं, राग कधी येतो?

“झोप आली की.”

“मग झोपत का नाहीस?”

“बाबा आल्यावर पत्ते खेळायचे असतात,” ती म्हणाली. एवढं कसं कळत नाही, असा तिचा चेहरा होता.

बाबा घरी पोचायचे दहाला, लेक झोपायची अकराला आणि शाळेसाठी सहाला उठायची. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, रात्री साडेआठला झोप. महिनाभरात फरक नाही पडला तर पुन्हा या, पुढचं बघू. मेहुण्यांनी कागद उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, “आणि औषध?”

“हेच,” डॉक्टर म्हणाले.

आता मेहुणे संध्याकाळी पाचची बस पकडतात आणि राहिलेलं काम लेक झोपल्यावर करतात. रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. शाळेतून परत चिठ्ठी आलेली नाही. मागच्या शनिवारी संध्याकाळी आम्ही चौघं पत्ते खेळलो. लेक हरली. तिने पत्ते उधळले आणि मावशीने फसवलं म्हणाली. मी फसवलंच होतं. बहिणीने घाबरून माझ्याकडे पाहिलं, तोवर पोरगी पलंगाखाली शिरून पत्ते गोळा करत होती. बाबांना म्हणाली, “तू पिस, मावशीला पिसू देऊ नकोस.” दुसरा डाव ती जिंकली आणि साडेआठला झोपली. मला मात्र तिसरा डाव हवा होता.