पाण्यामागचा माणूस

पाण्याचा ग्लास हाती दिला की आमचे शेजारी आधी तो उजेडाकडे धरायचे, डावा डोळा मिटायचे आणि म्हणायचे, "थांबा जी, निवळू द्या जरा." पाणी स्थिर झालं की मग प्यायचे. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा बायकोने आत येऊन हळूच विचारलं, "पाण्यात काही पडलं होतं का हो?" माझ्या मनात मात्र वेगळंच आलं. दुसऱ्याच्या घरचं पाणी इतकं तपासून पिणारा माणूस स्वतः दुसऱ्याला काय पाजत असेल, कोण जाणे!

तुम्ही म्हणाल, काय हा संशयी माणूस. आहेच मी. फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये जन्म गेला. समोर मोजून दिलेले खिळेसुद्धा मी पुन्हा मोजायचो. बायको म्हणायची, "तुम्ही तं देवाचा प्रसादही हुंगून पाहता."

जबलपूरला तोफांच्या सरकारी फॅक्टरीच्या क्वार्टरांत आमची आणि त्यांची भिंत एक होती. वयाने ते माझ्याहून मोठे, म्हणून मी त्यांना दादा म्हणायचो. त्यांची बायको लवकर गेलेली, मुलगी लग्न होऊन नागपूरला. लालबुंद तापलेल्या पोलादाला हौदात बुडवून पाणी द्यायचं, हे त्यांचं फॅक्टरीतलं काम. आणि रविवार उजाडला की एक जुना विलायती कॅमेरा गळ्यात अडकवून सायकलवर निघायचे. नर्मदेवर कधी ग्वारीघाट, कधी तिलवारा, कधी भेडाघाट. कुठे जाणं जमलं नाही तर बाजारातला फुहारा, म्हणजे कारंजं, होतंच.

एकदा त्यांनी पुठ्ठ्याच्या डब्यातले फोटो मला दाखवले. सगळ्यांत नुसतं पाणी. घाट नाही, देऊळ नाही, होडी नाही, आकाश नाही. मी विचारलं, "काहून जी दादा, माणसं नाही काढत?"

"माणसं कॅमेरा पाहून सावध होतात जी. पाणी पोज नाही देत."

"पण पाण्यात पाहायचं काय?"

त्यांनी फोटो डब्यात परत रचले. मग म्हणाले, "आठवडाभर मी पाण्याला चटके देऊन राहिलो, भाऊ. कसं ओरडतं ते, तुम्ही ऐकलं नाही. सुटीच्या दिवशी वाटतं, जे पाणी आपल्या मर्जीनं वाहून राहिलं, ते पाहावं."

उत्तर चांगलं होतं. मला ते फारच चांगलं वाटलं, म्हणजे घोकून ठेवल्यासारखं.

एका बारशाला त्यांना फोटो काढायला बोलावलं होतं. बारा फोटोंचा रोल. त्यात बाळ तीनदा दिसलं, तेही आंघोळ घालताना. उरलेले नऊ परातीतल्या पाण्याचे. बाळाची आजी पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही, आणि ते बिचारे तिला भेटेल तिथे नमस्कार करत राहिले.

मग एकाहत्तरचं साल आलं. फॅक्टरीत तिन्ही पाळ्या सुरू झाल्या, भिंतीभिंतीवर 'सावधान' लिहिलेले कागद लागले. माझ्या संशयाला तर बोलावणंच आलं. शहराला पाणी नर्मदेचं, नदीवर पूल, आणि हा माणूस दर रविवारी तिकडेच कॅमेरा घेऊन जातो! हिवाळा लागला तसा मी गळ्याला चौकडीचा मफलर गुंडाळला आणि ओळीने तीन रविवार त्यांच्या मागावर गेलो. एकदा फुहाऱ्यावर, एकदा ग्वारीघाटावर, एकदा तिलवाऱ्याला. दर वेळी हातभर पाण्यासमोर ते तास तास उकिडवे बसायचे आणि एक फोटो काढून उठायचे. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. पुलाकडेही पाहिलं नाही, आणि याचाच मला जास्त संशय आला.

लढाई सुरू झाली आणि ब्लॅकआउटसाठी मला ब्लॉकचा वॉर्डन केलं. दंडावर पट्टी, गळ्यात शिट्टी. पहिल्याच दुपारी घरोघर फिरून काचांना काळा कागद लावायला सांगत होतो. बाजारात कागदासाठी झुंबड, आणि दादांच्या न्हाणीघराच्या खिडकीला कागद आधीच चिकटवलेला! जुना, कडा पिवळ्या पडलेला. पावसाळ्यापासूनचा तरी असेल. लढाई होणार हे दिल्लीला नक्की कळायच्या आधी या गृहस्थाला कळलं कसं?

फोटो धुवायला अंधार लागतो, हे आज नातवालाही ठाऊक आहे. मला ठाऊक नव्हतं. विचारायची सोय होती, मधे एक भिंत तेवढी होती. मी विचारलं नाही. डाव्या हाताने, हिंदीत, सही न करता एक चिठ्ठी लिहिली आणि फॅक्टरीच्या सुरक्षा अधिकाऱ्याच्या पेटीत टाकली.

दोन दिवसांनी झडती झाली. ब्लॉकचा वॉर्डन म्हणून पंच कोण, तर मीच. अधिकाऱ्याने खाटेवर फोटो पसरले. काळ्या कागदाचं कारण दादांनी सांगितलं, धुण्याची तसराळी दाखवली, साहेबाला ते पटलंही. उठता उठता त्याने तीन फोटो वेगळे काढले.

"ये आदमी कौन है?"

मी वाकून पाहिलं. फुहाऱ्याच्या धारांच्या पलीकडे एक माणूस उभा होता. ग्वारीघाटाच्या पाण्यात तोच, उलटा. तिलवाऱ्यालाही तोच. चेहरा पाण्याने पुसलेला, पण गळ्यातल्या मफलरच्या चौकड्या मोजून घ्याव्यात इतक्या स्वच्छ.

तोच मफलर त्या वेळी माझ्या गळ्यात होता. थंडी वाजत असूनही मी तो हळूच काढला आणि मांडीखाली घेऊन बसलो. दादांनी ते पाहिलं. नक्की पाहिलं.

"बोलिए, तीनों जगह आपके साथ है. कौन है ये?"

आता ते माझ्याकडे बोट दाखवणार, असं मी धरूनच चाललो. एका शब्दात सुटले असते ते. शेजारी आहेत, विचारा त्यांनाच, एवढं म्हटलं की झालं. त्यांनी डावा डोळा मिटून फोटो उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "क्या मालूम साहब. मैं तो पानी देख रहा था."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भाऊ, जरा पाणी देता का?" मी ग्लास भरून दिला. तो त्यांनी उजेडाकडे न धरता, तसाच घटाघटा पिऊन टाकला.

लढाई दोन आठवड्यांत संपली. चौकशी चार महिने चालली, कारण साहेबाला आता साथीदार हवा होता. दादांना कामावरून घरी बसवलं. रोज फाटकापाशी जाऊन हजेरी लावायची आणि परत यायचं. आणि क्वार्टरांत मफलरवाला माणूस दिसतो का यावर लक्ष ठेवायचं काम कोणाला दिलं असेल? मलाच. मी लक्ष ठेवलं. दर आठवड्याला लेखी कळवलं, असा इसम आढळला नाही. बायकोने एका दुपारी तो मफलर उसवून लोकरीचा गुंडा केला.  

शेवटी काहीच हाती लागेना म्हणून त्यांना कामावर घेतलं, पण पॅकिंगमध्ये. तिथे खोके आणि भुसा, पाण्याचा थेंब नाही. जप्त केलेले फोटो आणि कॅमेरा परत मिळाले तेव्हा कॅमेऱ्याच्या काचेला बुरशी लागली होती. त्यांनी तो पुसला, खुंटीला टांगला आणि पुन्हा उतरवला नाही.

रिटायर होऊन ते मुलीकडे नागपूरला निघाले, त्या सकाळी मी वळकटी बांधायला गेलो. खरं तर कबूल करायला गेलो होतो. रात्रभर वाक्य जुळवलं होतं. "दादा," मी म्हटलं, "तो फोटोतला माणूस..."

"माहीत आहे जी," ते हसले. "तीन रविवार तुम्ही मागं मागं येऊन राहिले होते. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, चलो, आणखी एकाला पाण्याचा नाद लागून राहिला. लाजत असाल, म्हणून वळून नाही पाहिलं. आता पाणी पाहायला आलेल्या माणसाचं नाव त्या साहेबाला काहून सांगायचं?"

आणि त्यांनी फुहाऱ्याचा तो फोटो माझ्या हातात ठेवला. मागे सुरक्षा कार्यालयाचा शिक्का, त्याखाली शाईने लिहिलेलं: 'अज्ञात व्यक्ति'.

चिठ्ठीचं वाक्य जिभेवर होतं. बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. "थांबा जी," असं मला म्हणायचं होतं. मी वळकटी उचलली आणि रिक्षात ठेवून आलो.

त्यांना खरंच तसं वाटलं होतं, की सगळं ओळखून त्यांनी मला जाता जाता सोडवलं? मी जन्मभर संशय घेतला, पण याचा शोध घ्यायची मला छाती झाली नाही. दोन वर्षांनी मुलीचं कार्ड आलं. कोपरा फाडलेला पाहूनच कळलं, दादा गेले.

फोटो आमच्या बैठकीत लावलेला आहे. आल्या-गेल्याने विचारलं, पाण्यामागे कोण आहे हो, तर मी लगेच सांगतो की मी आहे. मग चिठ्ठीचंही सांगतो, डाव्या हाताने लिहिलेली, तीसुद्धा. कोणी न विचारताही सांगतो. आता सगळ्यांना सांगून झालं आहे.